तिकडं अजून आऊट नाही

आमच्या टीव्हीवर क्रिकेटचा गडी आऊट झाला, की सटवाजी धोतर सावरत उठायचा आणि त्या गड्याला सावध करायला स्वतःच्या घरी पळायचा.

खोटं वाटतं? कुरुंद्यात कुणालाही विचारा. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस आहे, पण खोटं लिहीत नाही. आमची दोघांची दारं समोरासमोर, अंगण एकच. माझ्याकडं जुना टीव्ही, घराच्या मातीच्या धाब्यावर लोखंडी पाइपाला अँटेना. सटवाजीनं हळद विकली आणि गावात पहिल्यांदा छत्रीवाला डबा आणला, कार्ड घातल्याशिवाय चित्र न दाखवणारा. त्या दिवशी त्यानं पेढे वाटले. मला म्हणाला, "आबा, तुमचा पाइप आता दोडक्याच्या येलाला द्या!"

मग मॅच लागली. माझ्या घरात नातवंडं ओरडली, "गेलाऽऽ!"

सटवाजी त्याच्या दारातून म्हणाला, "काहून वरडून राहिले रे? बॉलर तर आजून पळूनच राहिला!"

आणि मग त्याच्याकडं दांडी उडाली.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढा भारी डबा, आणि माझ्या गंजक्या पाइपाच्या मागं! पण सटवाजी शरमतोय कशाला. त्यानं छत्रीच्या मेकॅनिकला गाठलं आणि परत येऊन आम्हालाच शिकवायला बसला.

"आबा, तुमच्याकडं चित्र सुटं येतं, पाटीत आणल्यासारखं. माझ्याकडचं हळदीवानी दाबून दाबून पोत्यात भरत्यात. वरून कुलूप. पोतं जातं आभाळात, तिथून पडतं माझ्या छत्रीत. डबा कार्डानं कुलूप काढतो, पोतं सोडतो, चित्र झटकून मांडतो. येळ लागनारच की. बराबर?"

"बराबर. म्हंजे पैसे देऊन शिळं घेतलंस."

"शिळं न्हाई आबा! तिकडं आजून झालंच न्हाई!"

झालं. तेव्हापासून त्याला ह्या गोष्टीनं झपाटलं. आपला टीव्ही रिकाम्या घरात चालू ठेवायचा आणि मॅच बघायला माझ्याकडं येऊन बसायचं. गडी गेला, की "तिकडं आजून आऊट न्हाई!" म्हणत जी धूम ठोकायची! तो उंबऱ्यावर पोचेपर्यंत तिकडं बॉलर पळायला लागलेला असायचा. मग सटवाजीचा आवाज: "आरं सोड तो बॉल! बॅट घालू नको! ऐक लेकरा!"

लेकरू बॅट घालायचंच.

एकदा शेळीच्या दाव्यात पाय गुंतून अंगणात आडवा झाला, तर आडव्यानंच ओरडला. पारावरचे लोक हसायचे, "सटवाजी, वाचला का रे कोनी?" तो म्हणायचा, "आधी कळालं, तर एखादा वाचंल की!" वाचला एकही नाही.

अशात एका दिवाळीला माझा थोरला, दत्ता, परभणीहून माझ्यासाठी नवी छत्री घेऊन आला. "बाबा, काढा तो पाइप. आता तुमी बी सटवाकाकासारखं चकचकीत बघा." नातवंडं नाचायला लागली. मेकॅनिक धाब्यावर चढला. मीही खूष होतो.

सटवाजी आला. छत्रीकडं बघत राहिला. "म्हंजे आता दोन्हीकडं मागूनच कळनार?"

"मग? बरोबरीनं बघू की."

तो ओट्यावर टेकला. रुक्मिणी, त्याची बायको, हळदीच्या वावरात साप चावून गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. तिचं नाव तो कधी काढत नसे. त्या दिवशी काढलं.

"रुक्मिनीला पान लागलं तवा मी हिंगोलीच्या बाजारात. इथं साऱ्या गावाला कळालं होतं. एका मला तेवढं न्हाई. मी तिच्यासाठी बांगड्या बघून राहिलो होतो, आबा."

मी वर बघून मेकॅनिकला म्हणालो, "उतर खाली. पाइपाला हात लावू नको."

दत्ता चिडला. "बाबा, आख्खं गाव छत्रीवर गेलं!"

"जाऊ दे. हे घर माझं हाय."

छत्री आली तशी एसटीच्या टपावरून परत गेली.

पुढच्या मॅचला वारं सुटलं. पाइप हलला, चित्रात मुंग्या आल्या. मी शिडी लावून धाब्यावर चढलो आणि पाइप दोन्ही हातांनी धरून बसलो. खालून नातवंडं ओरडली, "गेलाऽऽ!"

सटवाजी माझ्या दारातून बाहेर आला.

"पळ, सटव्या!" मी वरून ओरडलो. "तिकडं आजून आऊट न्हाई!"