मागच्या सीटवरचं गणित

ड्रायव्हिंग मास्तरांच्या मुलीला गणित यायचं ते फक्त गाडीत. ही गोष्ट मास्तरांना कळली तेव्हा स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि "आमची गोटी पहिली येणार" हे गल्लीभर सांगून झालं होतं.

गोटी हे मुलीचं घरातलं नाव. आई नर्स, दुपारची ड्यूटी. त्यामुळे शाळा सुटली की गोटी थेट शिकवणीच्या गाडीत. पुढे स्टिअरिंगवर शिकाऊ माणूस, त्याच्या शेजारी मास्तर, मास्तरांच्या पायाशी जादा ब्रेक, आणि मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन गोटी. मास्तरांच्या तोंडाला विश्रांती ठाऊक नव्हती. शिकाऊवर ओरडून झालं की मधल्या फटीत ते मान न वळवता मागे एखादं गणित फेकायचे.

"क्लच हळू सोडा. हळू म्हटलं मी, सोडून द्या नाही म्हटलं. गोटी, सत्तावीस गुणिले एकोणीस?"

"पाचशे तेरा."

"आरशात बघा मॅडम. स्वतःला नाही, मागच्या ट्रकला."

मॅडम म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. लोकांच्या जबड्यात हात घालताना त्यांचा हात कधी कापला नव्हता, पण गिअरला हात लागला की अख्ख्या बाई कापायच्या. त्यांच्याबरोबर शिकायला लागलेल्यांना लायसन मिळालं, त्यांनी गाड्या घेतल्या, एकाने तर विकलीसुद्धा. बाई मात्र अजून पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना डोळे मिटत. गाडी आचके देत बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, मास्तर कपाळावर हात मारायचे आणि त्या सगळ्या गोंधळात मागून गोटीचं उत्तर यायचं, बरोबर. एकदाही चुकलं नाही.

मास्तरांची छाती गाडीत मावेना. त्यांनी शाळेत जाऊन शाळाशाळांमधल्या गणित स्पर्धेसाठी गोटीचं नाव दिलं.

आता ही स्पर्धा म्हणजे काय, तर गणितं पोरांनी सोडवायची आणि घाम आईबापांनी गाळायचा. आयोजकांनी वर एक अक्कल लढवली होती. मुलांना प्रोत्साहन मिळावं म्हणून पालकांनी हॉलमध्ये मुलांच्या समोरच, तोंडासमोर तोंड करून बसायचं. बोलायचं नाही, फक्त प्रोत्साहन द्यायचं. न बोलता प्रोत्साहन कसं देतात हे ज्याला बघायचं असेल त्याने जाऊन त्या बाकांसमोर उभं राहावं. एका आईच्या भुवया लसावि काढत असतात, एक बाप ओठांनी पाढे म्हणत असतो, आणि पोरगं पेपर सोडून ते तोंड वाचत बसतं.

शाळेने सरावाची परीक्षा घेतली तीही अशीच. मास्तर पहिल्या रांगेत, मूठ वळून, दात आवळून, डोळ्यांनी गोटीला ढकलत बसले. गोटीने पेपर दिला तो जवळजवळ कोरा.

गणिताच्या बाईंनी मास्तरांना स्टाफरूमबाहेर गाठलं. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. मुलगी गोड आहे, पण तिला जमत नाहीये, दुसऱ्या कुणाचं तरी नाव देते, असं त्यांनी सांगितलं. मास्तर काही रडकुंडीला येणाऱ्यातले नव्हते.

"बाई, तुम्ही एकदा गाडीत बसा."

"मला गाडी शिकायची नाहीये."

"शिकायला नाही हो. ऐकायला."

बाई बसल्या. पुढे डॉक्टरीणबाई होत्या हे त्यांना गाडी सुरू झाल्यावर कळलं. पहिल्याच चौकात त्यांचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. तरी बाई नेटाच्या. एका हाताने चष्मा आणि दुसऱ्याने दार धरून त्यांनी शेजारी बसलेल्या गोटीला हौदाचं गणित घातलं. एक नळ तीन तासांत हौद भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही सोडले तर? "दोन तास," गोटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. बाईंनी व्याज घातलं, वय घातलं, आगगाडी आणि पूल घातला. डॉक्टरीणबाई चढावर गाडी मागे घरंगळवत होत्या, मास्तर हँडब्रेक ओढत होते, आणि गोटी उत्तरं देत होती.

बाई उतरल्या तेव्हा त्यांचा रंग उडाला होता, पण मत बदललं होतं.

"मुलगी हुशार आहे, मान्य," त्या म्हणाल्या. "पण मास्तर, हॉलला चाकं नसतात. नाव ठेवते. तिथेही कोरा पेपर दिला, तर यापुढे संघात तिला घेणार नाही. आणि मुलं वर्गात जे बोलतील ते मला थांबवता येणार नाही."

गोटीने हे ऐकलं. तिला स्पर्धेला जायचंच होतं. बापाला वाटत होतं म्हणून नाही, तिला स्वतःला वाटत होतं. पण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मास्तरांनी निदान करून टाकलं. पोरीचं डोकं आचक्यांवर चालतं. इंजिनाला नाही का धक्का लागत? संध्याकाळी त्यांनी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, स्वतः मागे उभे राहिले आणि खुर्ची गदागदा हलवत गणितं घालायला लागले. तोंडाने हॉर्नसुद्धा वाजवला. आणि काय सांगावं, उत्तरं यायला लागली. मास्तर हर्षाने पुढे आले, टेबलावर दोन्ही हात टेकून लेकीच्या तोंडाकडे बघत म्हणाले, आता पुढचं. गोटी गप्प. मास्तर पुन्हा मागे गेले, खुर्ची हलवली. उत्तर आलं.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "हलवायचं थांबलो की बंद पडते."

बायको नुकती ड्यूटीवरून आली होती. चपला हातात घेऊन ती दारातच उभी राहिली. "अहो, आम्ही ऑपरेशनचा पेशंटसुद्धा याच्यापेक्षा हळू हलवतो. पोरीची मान आहे ती."

"शास्त्र आहे हे."

"मग तुम्ही बसा त्या शास्त्रावर, मी हलवते."

हॉलमध्ये जाऊन खुर्ची हलवता येणार नाही, एवढं मास्तरांना कळत होतं. मग त्यांनी दुसरी शक्कल काढली. आचका नाही तर नाही, निदान आचक्याचा आवाज. हॉल पहिल्या मजल्यावर, खिडक्या अंगणाच्या बाजूला. खाली आपली गाडी लावायची, डॉक्टरीणबाईंना आत बसवायचं, त्यांनी गाडी सुरू करायची आणि बंद पाडायची. बंद पाडण्याच्या बाबतीत बाईंवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत होता. मास्तरांनी त्यांना बजावलं, गाडी जागची हलवायची नाही, फक्त आवाज. त्यांना हे काम मनापासून आवडलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना जमणारं काहीतरी कुणी सांगितलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी अंगण पालकांच्या गाड्यांनी गच्च भरलं होतं. वर हॉलमध्ये पोरं एका बाजूला, पालक समोर. मास्तर पहिल्या रांगेत, मूठ तयार. पेपर वाटले गेले. गोटीने पेपर पाहिला, मग बाबांकडे पाहिलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

खालून इंजिन खाकरलं आणि बंद पडलं. मास्तरांनी भुवया उडवल्या: ऐक. पुन्हा खाकरलं, पुन्हा बंद. पेन्सिल जागची हलली नाही. मास्तर खुर्चीत पुढे सरकले आणि डोळे आणखी मोठे केले. गोटीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

तेवढ्यात खाली इंजिन बंद पडायचं विसरलं.

डॉक्टरीणबाईंना त्या दिवशी क्लच कधी नव्हे तो नीट जमला, हाच घात झाला. गाडी रिव्हर्समध्ये होती. ती शांतपणे, अगदी शिकवल्यासारखी मागे गेली, एका लांबलचक पांढऱ्या गाडीच्या अंगाला अंग लावून थांबली, आणि बाई घाबरून हॉर्नवर जे रेलल्या ते उठल्याच नाहीत.

"पांढरीला ठोकलं!" खिडकीजवळच्या कुणीतरी सांगितलं. "पांढरी?" मागच्या रांगेतला एक बाप ओरडला. "पांढरी माझी आहे."

पांढऱ्या गाड्या पुष्कळांच्या होत्या. ज्यांच्या नव्हत्या त्यांना आपली तिच्या शेजारी आहे हे आठवलं. लेकराच्या भवितव्यासाठी श्वास रोखून बसलेली ही सगळी मंडळी गाडीच्या पत्र्यासाठी एका झटक्यात उठली आणि जिना दणाणवत खाली गेली. सर्वांत पुढे मास्तर. हॉलमध्ये राहिली पोरं आणि गणिताच्या बाई. परीक्षकसुद्धा खाली गेले. त्यांचीही पांढरीच होती.

अंगणात कल्लोळ झाला. डॉक्टरीणबाईंभोवती कोंडाळं पडलं आणि जो तो शिकवायला लागला. डावीकडे घ्या. उजवीकडे घ्या. अहो, आधी हॉर्न सोडा. एकाने तर खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं. बाई गाडी सुरू करत, ती बंद पडे, लोक कपाळ बडवत. मास्तर ओरडून ओरडून घोगरे झाले.

शेवटी बाईंनी काच पूर्ण खाली केली. त्या रडत नव्हत्या; चांगल्याच तापल्या होत्या.

"मास्तर, तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघताय म्हणून होत नाहीये. आत्ता कुणी बघत नव्हतं तर कशी छान मागे आले मी. जरा तिकडे बघा ना."

मास्तरांनी वर हॉलच्या खिडकीकडे पाहिलं. मग त्यांच्या आवाजात ती धार आली जिच्यापुढे भल्याभल्या शिकाऊंचे पाय ब्रेकवर जायचे.

"सगळ्यांनी तोंडं फिरवा. भिंतीकडे. पांढरी गाडीवाले, तुम्हीपण. वाकून बघायचं नाही."

लोक फिरले. मास्तरही फिरले. पाठीमागे इंजिन सुरू झालं, गिअर पडला, चाकं कुरकुरली. वळून बघितलं तेव्हा गाडी कुठेही न घासता आपल्या जागी उभी होती आणि बाई चावी काढत होत्या. पांढरीवर ओरखडा निघाला तो जुनाच, असं मालकाच्या बायकोने सगळ्यांदेखत सांगितलं.

एवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. पेपर गोळा झाले. आणि नवीच भानगड उभी राहिली.

परीक्षकांनी पेपर तपासले आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. ते निवृत्त प्राध्यापक होते, वर्षानुवर्षं ही स्पर्धा बघत आलेले. एवढे चांगले पेपर कधी आलेच नव्हते. मोठी माणसं बाहेर गेली आणि पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं, असं त्यांनी माइकवरून जाहीर केलं. गणिताच्या बाई जागच्या उठल्या. मी इथेच होते, एकाही पोराने मान वर केली नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पण माइक त्यांच्या हातात नव्हता. परीक्षक म्हणाले, सर्वांत चांगला पेपर जिचा आहे तिला पुढे बोलवा, तोंडी विचारतो, आत्ता, सगळ्यांसमोर.

नाव गोटीचं होतं.

ती फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. समोर पालकांचा अख्खा बाजार, डोळे फाडून. शेजारी परीक्षक, चष्म्यावरून बघत.

"एक ते शंभरमधल्या सगळ्या विषम संख्यांची बेरीज."

गोटी गप्प. तिची नजर पहिल्या रांगेत बाबांवर गेली आणि तिथेच अडकली. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, मी म्हटलं नव्हतं? गणिताच्या बाईंनी डोळे मिटले.

मास्तरांची मूठ वळायला लागली होती. ती त्यांनी सोडली. ते उठले, पाठ फिरवली आणि भिंतीला नाक लावून उभे राहिले.

"सगळ्यांनी," ते भिंतीला म्हणाले, "मघासारखं."

मघाशी एकदा फिरलेली माणसं होती ती, त्यांना सवय लागली होती. खुर्च्या सरकल्या. भुवयावाली आई फिरली, पाढेवाला बाप फिरला. हॉलभर नुसत्या पाठी झाल्या. खाली गाडीसाठी फिरले ते ठीक, इथे हे काय चाललंय ते परीक्षकांना समजेना. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, जरा चढ्या आवाजात. उत्तर नाही. मास्तरांच्या मानेवरून घाम ओघळला, पण मान वळली नाही.

मग मागून गोटीचा आवाज आला, बारीक पण सरळ.

"सर, तुम्हीपण."

मग बुटांचा आवाज झाला, एक पाऊल, अर्धं पाऊल. परीक्षक फळ्याकडे फिरले होते.

"अडीच हजार," गोटी म्हणाली. "आणि दोनशेपर्यंतची हवी असेल तर दहा हजार. पुढचं विचारा."