खंडू सुताराचा ठेका

एका जंगलात, बाळांनो, वीज नव्हती, रस्ता नव्हता, पण गाण्याबजावण्याचा धंदा मात्र जोरात होता. नाक पुसा, नीट बसा, आणि मधेमधे 'मग काय झालं' असं विचारू नका. जे झालं ते मी सांगणारच आहे.

या जंगलात खंडू नावाचा एक सुतारपक्षी राहत असे. सुतारपक्ष्याचं काम सरळ असतं. खोडावर चोच आपटायची, सालीखालचा किडा बाहेर काढायचा आणि खायचा. खंडूचे बाबा हे काम इमानेइतबारे करत. खंडू मात्र एका वाळक्या, पोकळ मोहावर जाऊन बसे आणि उगाचच ठोके. ठक्, ठकठक, ठक्. ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला लागे.

बाबा विचारत, "त्यातून किडा निघतो का?"

"नाही."

"मग कशाला ठोकतोस?"

खंडू पुन्हा ठोकायला लागला. बाबांनी त्याची आशा सोडली आणि आईने लपूनछपून मुंग्यांची अंडी पाठवायला सुरुवात केली.

त्याच मोहाच्या बुंध्याशी, बिळात, भिवा ससा राहत असे. भिवा इतका भित्रा की संध्याकाळी स्वतःची सावली लांब पडली तरी तो बिळात शिरे. पण आत शिरला की त्याचं तोंड सुटे. तिथे बसून तो साऱ्या जंगलाला शिव्या घाली, आणि त्या शिव्यांना चक्क यमक असे. एके दिवशी वरून खंडूचा ठेका आणि खालून भिवाची बडबड अशी काही जुळून आली की विचारू नका.

वाघबिघ आपल्याला ठाऊक नाय,
भिवाच्या एरियात भिवाच भाय.

खंडू ठोकायचा थांबला. खाली उतरून त्याने बिळात डोकं घातलं. "बाहेर ये," तो म्हणाला. "तुला मी स्टार करतो."

"बाहेर यायलाच हवं का?" भिवाने विचारलं.

अशी ती दोस्ती झाली. खंडूला जंगलात दुसरा मित्र नव्हता आणि भिवालाही नव्हता. खंडूच्या डब्यातली अंडी भिवाला चालत नसत, भिवाचं गवत खंडूला चालत नसे, तरी दोघं रोज एकत्र जेवत. एकमेकांवर त्यांचा खराखुरा जीव होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तुम्ही खंडूला उगाच दुष्ट म्हणणार नाही.

आता रेकॉर्डिंगचं ऐका. त्या जंगलात रेकॉर्डिंगला मैना लागे. मैनेसमोर एकदा आवाज काढला की ती तो तसाच्या तसा परत काढते, मधला खोकलासुद्धा सोडत नाही. एक मैना शिकली की बाकीच्या तिच्याकडून शिकतात आणि संध्याकाळपर्यंत गाणं सगळ्या पाणवठ्यांवर पोचतं. भिवाचं पहिलं गाणं असंच पोचलं. हरणं डोलली, रानडुकरं डोलली, साळिंदरं डोलली आणि शेजारच्यांना काटे टोचले.

खंडू मोठा झाला. मोठे झाल्यावर जे जे करतात ते सगळं त्याने केलं. तुरा रंगवून घेतला. प्रत्येक गाण्याआधी मैनेकडून 'खंडूने ठोकलंय' असं म्हणवून घेऊ लागला, म्हणजे गाणं कुणाचंही असो, नाव आधी त्याचं. जे कोकीळबुवा त्याला 'खिळे ठोकणारा' म्हणून हिणवत, तेही पानाआड लपत आले आणि एखादा ठेका द्या म्हणाले. खंडूने त्यांना अख्खी दुपार ताटकळत ठेवलं. नंतर त्यांच्या तानेचा चुरा करून तिला असा ठेका लावला की बुवांना स्वतःचा आवाज ओळखू येईना. गाणं तुफान चाललं, त्यामुळे बुवांनी तक्रार केली नाही.

शिवाय खंडूने एक रीत पाडली. गाणं ऐन रंगात आलं की तो एकदम थांबे. सगळं चिडीचूप. अशा वेळी श्रोत्यांनी डोळे मिटायचे, पुढचे पाय वर करायचे आणि श्वास रोखून थांबायचं. मग ठेका दणकन परत येई आणि सगळी वेडीपिशी होऊन नाचत. शहरात याला ड्रॉप म्हणतात. जंगलातही ड्रॉपच म्हणत, कारण मराठी शब्द शोधायला कुणाला सवड नव्हती.

पण श्रोते कुणाचे सगे नसतात. उन्हाळा आला तसे ते कंटाळले. ठेका तोच, शिव्या त्याच. मैना खंडूची गाणी अर्ध्यात सोडून चिमण्यांची भांडणं ऐकवू लागल्या, आणि लोकांना तीच आवडू लागली. आता काहीतरी नवा आवाज हवा, नाहीतर खंडूला बाबांसारखं किडे काढत बसावं लागणार.

आवाज त्याला डोक्यावरच सापडला. ऐनाच्या उंच झाडाच्या शेंड्यावर गोदाक्का नावाची म्हातारी वानरी बसलेली असे. पहारा करणं हे तिचं काम. वाघ दिसला की ती ओरडे, 'खॅक् खॅक्', आणि सगळं जंगल एका क्षणात उडी मारून पळत सुटे. तिच्यापायी वाघाचं पोट पाठीला लागलं होतं.

खंडूने नीट पाहिलं. भिवाच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यालासुद्धा निम्मी हरणं उशिरा उठत. या आवाजाला मात्र लहानथोर सगळे बरोबर एकाच ठोक्याला उडत. असा आवाज फुकट वाया चालला होता. त्याने मैनेला ऐनावर बसवलं, गोदाक्काचा 'खॅक्' उचलला आणि दर चौथ्या ठोक्यावर टाकला.

एक अडचण आली. आवाज ऐकला की भिवाचे पाय आपोआप पळत. गाणं अर्ध्यावर आणि गायक नदीपलीकडे. खंडूने त्याला मैनेसमोर बसवलं आणि म्हणाला, ऐकत राहा, पाय हलला की पुन्हा पहिल्यापासून. बिचारा भिवा थरथरत ऐकत राहिला. हळूहळू थरथर कमी झाली. सशांच्या कित्येक पिढ्यांनी जपलेली भीती खंडूने एका पंधरवड्यात काढून टाकली. भिवाला फार हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो बिळाबाहेर पाय पसरून झोपला.

'खॅक् खॅक्' हे गाणं पाणवठ्यावर वाजलं तेव्हा पहिल्या दिवशी सगळे पळाले. दुसऱ्या दिवशी पळाले आणि हसले. आठवड्याभरात कंबर हलवू लागले.

गोदाक्का ऐनावरून खाली उतरली. ती सहसा उतरत नसे.

"खंड्या, माझा आवाज नेलास त्याचं मला काय बी नाय," ती म्हणाली. "पर आता मी वरडले की पोरं नाचत्यात."

"अक्का, हीच तर दाद आहे."

"दाद घेऊन काय करू रं? पळाया हवीत ती."

खंडूने तिला समजावलं की तिचं नाव गाण्याच्या आधी घेतलं जाईल, म्हणजे खंडूच्या नावानंतर. गोदाक्का परत वर गेली. त्यानंतर दोनचार हरणं दिसेनाशी झाली. लोक म्हणाले, मामाकडे गेली असतील. वाघाला मात्र पोट सुटलं. त्याचं त्या गाण्यावर अतिशय प्रेम होतं आणि आवाज फार मोठा आहे अशी तक्रार त्याने एकदाही केली नाही.

मग मोठा जलसा ठरला. तळ्याकाठच्या गवतात दिवस कलताना सगळं जंगल जमलं. भिवा एका दगडावर उभा राहिला. केवढा रुबाब होता त्याचा. त्याची आई पुढेच बसली होती आणि शेजारणीला, तो आपला मुलगा आहे, असं पुन्हा पुन्हा सांगत होती. खंडू मोहावर, मैना फांदीवर. गाणं सुरू झालं.

गाणं रंगात आलं आणि ऐनावरून गोदाक्का ओरडली. एकदा, दोनदा, घसा फुटेपर्यंत. श्रोते खूश झाले. खुद्द अक्का साथीला आल्या, असं म्हणून त्यांनी शेपट्या हवेत उडवल्या.

खंडूने वरून पाहिलं. दगडामागचं गवत हलत होतं आणि वारा पडला होता.

काही सुचेना, म्हणून त्याने एकच केलं. तो ठोकायचा थांबला. गाणं बंद पडलं तर सगळे भानावर येतील, अशी त्याची समजूत.

सगळं चिडीचूप झालं. साऱ्या जंगलाने डोळे मिटले, पुढचे पाय वर केले आणि श्वास रोखला. दगडावर भिवानेही डोळे मिटले.

"भिवा, पळ," खंडू किंचाळला.

भिवाला वाटलं, नवी ओळ आहे. "पळ, पळ," तो तालात म्हणाला. "पळ, पळ," सगळं जंगल म्हणालं.

वाघाला घाई नव्हती. एक किंकाळी उठली, आणि संपली. आणि बाळांनो, सांगायला मलाच लाज वाटते, पण त्या क्षणी खंडूची चोच खोडावर पडली. त्याने पाडली नाही. शांततेनंतर पडायची तिला सवय होती. ठेका दणकन परत आला आणि जंगल असं नाचलं, असं नाचलं, की तसा ड्रॉप पुन्हा कुणी पाहिला नाही. डोळे उघडून ओरडली ती एकटी भिवाची आई, पण तिचं ओरडणं त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही.

खंडू खूप रडला. खरं रडला. भिवाच्या बिळापाशी तो बसून राहिला, किडे नाहीत, अंडी नाहीत. आईने पाठवलेला डबा तसाच पडून राहिला. या चोचीने मी माझा दोस्त खाल्ला, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. गोदाक्का येऊन त्याच्याशेजारी बसली. दोष द्यायला आली होती, पण त्याची अवस्था बघून तिने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मला त्याचा आवाज एकदा ऐकायचाय," खंडू म्हणाला. त्याने मैनेला बोलावलं.

मैनेने सगळं जसंच्या तसं ऐकवलं. ती शांतता, ते 'पळ, पळ', ती किंकाळी. खंडूने पंखात तोंड लपवलं आणि हुंदके देत म्हणाला, पुन्हा. मैनेने पुन्हा ऐकवलं. तो पुन्हा रडला, पण जरा कमी. मग म्हणाला, पुन्हा. या वेळी त्याने तोंड पंखातून बाहेर काढलं. गोदाक्काने पाहिलं, त्याची मान हलत होती.

"किंकाळी थोडी लवकर येते," तो मैनेला म्हणाला. "अर्धा ठोका मागे घे."

गोदाक्काने त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला आणि ती उठून गेली.

तात्पर्य : मित्र संकटात सापडला तर गांगरून जाऊ नये. आधी रेकॉर्डिंग चालू आहे ना, ते पाहावे.