नको ते खोडावे

मच्छिंद्रआबांनी ज्या दिवशी सतीश कोळप्यांची नेमणूक पाडली, त्या दिवशी त्यांचा चष्मा घरी राहिला होता. नेमणूक पाडायचं त्यांच्या मनातही नव्हतं. सही करायची, पोहे खायचे आणि बाराच्या आत वडगाव रासाईला परतायचं, एवढाच त्यांचा बेत होता. बाराला मोटारीची लाइट येणार होती आणि उसाला पाणी द्यायचं होतं.

भीमेच्या दोन्ही अंगांच्या, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बावीस गावांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. संयुक्त ग्रामसुरक्षा व अग्निशमन मंडळ. चोऱ्या वाढल्या की गस्तीचं बघायचं आणि ऊस पेटला की बंब पाठवायचा, ही त्याची कामं. दोन्हींवर मिळून एकच मुख्य अधिकारी असे. तो अध्यक्षांनी नेमायचा आणि गावांच्या वतीने तिघांच्या देखरेख समितीने त्याला संमती द्यायची. तिघांनीही नकार दिला तर नेमणूक रद्द, असा एक नियम होता. मंडळ निघालं तेव्हा कुणीतरी शिकलेल्या माणसाने तो घातला होता आणि त्यानंतर कुणी वाचला नव्हता.

समितीत आबा होते, कवठे येमाईचा संपत होता आणि वरवंडच्या पलीकडे वस्तीवर राहणाऱ्या अनसाबाई होत्या. अनसाबाईंची शंभर मेंढरं होती ती आता आठावर आली होती, पण आवाज शंभरांचाच राहिला होता. एरवी बैठकीत मात्र त्या बोलत नसत. बोलावं असं तिथं काही घडतच नसे.

उमेदवार म्हणजे राज्य राखीव दलातून निवृत्त झालेले निरीक्षक. पाठ सरळ, केस बारीक, मांडीवर फाइल. आबांनी मुलाखत सुरू केली.

"गाव कंचं?"

"दौंड."

"मूळचं?"

"कवठे येमाई."

"म्हंजी देवळामागचे कोळपे?"

"हो."

"मग झालं," आबा म्हणाले आणि मुलाखत संपली.

मंडळाची कारकून रुपाली हिने अर्ज पुढे केला. तळाशी छापलं होतं : 'वरील नियुक्ती मान्य / अमान्य. (नको ते खोडावे.)' अशी ओळ, तिघा सदस्यांसाठी तीनदा. आबांना चष्म्याशिवाय ते सगळं मुंग्यांच्या रांगेसारखं दिसत होतं.

"मान्य कुठं लिवलंय, पोरी?"

रुपालीने बोट ठेवलं आणि फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली. आबांनी 'मान्य'वर ठसठशीत रेघ ओढली. त्यांच्या मते ती शब्दाखाली होती. प्रत्यक्षात ती शब्दाच्या पोटातून आरपार गेली होती.

अर्ज संपतकडे गेला. संपतला डोळे होते. त्याने रेघ पाहिली, मग आबांकडे पाहिलं. आबा शांतपणे पोह्यांतले शेंगदाणे वेगळे करत होते. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस आज असा वार करतोय म्हणजे आबांना काहीतरी आतलं कळलंय, हे संपतने ओळखलं आणि त्यानेही 'मान्य' खोडलं. अनसाबाईंनी विचारलं, "तुम्ही दोघांनी कुठं रेघ मारली?" संपतने दाखवलं. त्यांनी तिथेच मारली.

दुपारी तीन वाजता आबा बांधावर उभे असताना संपतचा फोन आला.

"आबा, मानलं तुम्हाला. पण आता मला तरी सांगा, त्या कोळप्याचं तुम्हाला काय घावलं?"

"काय घावायचं? चांगला माणूस हाय."

मग संपत हळूच म्हणाला, "बरोबर हाय. फोनवर न्हाई बोलायचं."

तासाभराने अध्यक्ष विश्वजीतदादा स्वतः वडगावला आले. ओट्यावर बसले. ते चिडले की त्यांचा आवाज खाली जाई, आणि आत्ता तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

"आबा, अकरा वर्षं मी या मंडळावर माणसं नेमतोय. सगळे माझे पाहुणे. तुम्ही कधी हूं का चूं केलं नाही. यंदा पहिल्यांदा लायक माणूस शोधला. चार ठिकाणी चौकशी केली. आणि तुम्ही नेमका तोच पाडला."

तेव्हा आबांना रेघेचा सगळा प्रकार उमगला. खरं काय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलंही, पण तेवढ्यात साखरबाई चहा घेऊन बाहेर आल्या. खुद्द अध्यक्ष आपल्या ओट्यावर आलेत आणि आपल्या नवऱ्याला जाब नव्हे, कारण विचारतायत, असं दृश्य चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या पाहण्यात नव्हतं. ट्रे हातात धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या. आबांनी तोंड मिटलं.

"कारण काय ते तरी सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"लेखी देतो," आबा म्हणाले. तोंडी द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

"आठ दिवसांत द्या. नियमच आहे तसा, मी आज वाचला. नंतर सभेत मी दुसरं नाव ठेवतो. पप्पूचं."

पप्पू अध्यक्षांचा मेहुणा. लग्नात शोभेची दारू उडवण्याचा त्याचा धंदा होता. आगीशी त्याचा संबंध म्हणायचा तर एवढाच, आणि तोही विझवण्याच्या बाजूने नव्हता. गेल्या लग्नसराईत त्याने नवरदेवाचा फेटा पेटवला होता.

अध्यक्ष गेले. साखरबाईंनी त्या संध्याकाळी न विचारता दुसऱ्यांदा आमटी वाढली. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही नुसते सह्या करून येता," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत ही गोष्ट बावीस गावांत पोचली. बातमी तालुक्याच्या पानावर आली, आबांच्या जुन्या फोटोसकट. शाळेने त्यांना बोलावून शाल-नारळ दिला आणि मुख्याध्यापकांनी 'नाही म्हणायला शिका' या विषयावर अर्धा तास भाषण केलं. आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आबांनी नाही म्हटलं. त्यावर टाळ्या पडल्या. पारावर लोक उठून त्यांना जागा देऊ लागले. कोळप्यात काय खोट आहे हे मात्र आबा सांगेनात, त्यामुळे खोट फार मोठी असणार याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सतीश कोळपे स्वतः मोटारसायकलवर आले. त्यांनी गाडी सावलीत लावली, चपला खाली काढल्या आणि ओट्यावर बसले.

"आबा, भांडायला नाही आलो," ते म्हणाले. "एकतीस वर्षं नोकरी केली. कधी साधी ताकीद नाही. आता घरात अनिताने एकदाच विचारलं, तुमचं काय बाहेर आलं, आणि तेव्हापासून बोलणं टाकलंय. मुलगी सासरहून फोन करून तेच विचारते. मलाच माहीत नाही, तर काय सांगू? तुम्ही सांगा. सुधारता येण्यासारखं असेल तर सुधारतो."

आबांनी कारणांसाठी घेतलेली कोरी वही मांडीखाली सारली.

"कारणं लिहून झाली का?" कोळप्यांनी विचारलं.

"न्हाई. लिवायचं सुचंना."

"द्या इकडे. अहवाल लिहायची मला सवय आहे."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आबांच्याच वहीत, सुंदर अक्षरात, स्वतःविरुद्ध लिहायला घेतलं. 'एक : उमेदवाराचे वय एकोणसाठ असून डाव्या गुडघ्यास त्रास आहे. दोन : उमेदवाराने दंगलीच्या बंदोबस्तात काम केले असले तरी उसाची आग विझवण्याचा अनुभव फक्त तीन वेळांचा आहे.' मग ते थांबून आठवू लागले. "तिसरं काय घालू? रागीट म्हणावं तर मी नाही. हां, माणसाचं नाव लवकर लक्षात राहत नाही. ते घालतो."

कागदावर पेन फिरत राहिलं आणि आबांना शाळेतली शाल अंगावर जड होऊ लागली. खरं तर शाल आत ट्रंकेत होती.

"थांबा," ते म्हणाले. आत साखरबाईंच्या भांड्यांचा आवाज चालू आहे ना, ते त्यांनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "कोळपेसाहेब, तुमच्यात काय बी खोट न्हाई. माझी रेघ चुकली."

"कसली रेघ?"

आबांनी सगळं सांगितलं. चष्मा, मुंग्या, पोहे, संपत. कोळप्यांनी ते मध्ये न बोलता ऐकलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे माझी बायको पाच दिवस माझ्याशी बोलत नाहीये, ते तुम्ही चष्मा विसरला म्हणून?"

"व्हय."

कोळप्यांनी वही मिटून आबांच्या हातात दिली. "तसं सभेत सांगाल का?"

"सांगतो," आबा म्हणाले, आणि हे 'सांगतो' आत जाऊन साखरबाईंना सांगायचं धाडस त्यांना सभेच्या दिवसापर्यंत झालं नाही.

सभा वरवंडला होती. एरवी वीस-पंचवीस माणसं असत, आज खुर्च्या पुरल्या नाहीत. साखरबाई पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. पप्पू अध्यक्षांच्या मागे, हारासाठी मान मोकळी ठेवून. कोळपे शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभे होते. आबा उठले.

"मंडळी, मला कारण बिरण काय न्हाई. त्या दिशी माझ्याकडं चष्मा नव्हता. मला मान्यच करायचं व्हतं. रेघ चुकून मधनं गेली. कोळपेसाहेब चांगला माणूस हाय. एवढंच."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आबांवर दबाव आलाय."

"दबाव न्हाई. चष्मा नव्हता," आबा म्हणाले.

"असंच म्हणायला सांगतात," दुसरा म्हणाला.

संपत उठला. "अध्यक्षांची गाडी आबांच्या दारात गेलती, हे सगळ्या गावानं बघितलंय. म्हाताऱ्या माणसाला असं वाकवायचं बरं न्हवं."

"मी वाकवलं?" विश्वजीतदादांचा आवाज खाली गेला. "अहो, आबांनी कोळप्यांना नाकारलं तर माझा मेहुणा लागतो. मी कशाला त्यांना कोळपे चांगला म्हणायला लावीन?"

हा मुद्दा बिनतोड होता. फक्त त्यात मेहुण्याला लावायचा बेत कबूल झाला, हे अध्यक्षांच्या लक्षात यायला जरा उशीर झाला. सभागृहातल्या सगळ्या माना पप्पूकडे वळल्या. पप्पूने मान आत घेतली.

गलका वाढला. त्यात अनसाबाई उभ्या राहिल्या आणि शंभर मेंढरांचा आवाज बावीस गावांनी ऐकला.

"गप बसा समदी. आबाची रेघ चुकली का न्हाई, मला ठावं न्हाई. माझी चुकली. मी रेघ बघून रेघ मारली, माणूस बघितलाच न्हाई. आता बघते." त्यांनी मागे हात केला. "ए कोळप्या, हिकडं ये. माझ्या वस्तीला आग लागली तर किती येळात येशील?"

सभागृहाला हे नवीन होतं. समितीने कुणाला कामाचा प्रश्न विचारल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

कोळपे पुढे आले. "तुमची वस्ती ओढ्यापलीकडची ना, मावशी? मी परवा जाऊन आलो. सगळ्याच वस्त्यांवर जाऊन आलो, नेमणूक होवो न होवो. तुमच्याकडे बंब येऊच शकत नाही. ओढ्यावरची मोरी बंबाच्या वजनाने खचेल."

"म्हंजी आम्ही जळायचं?"

"मोरी होईपर्यंत, हो. तोवर वस्तीवर एक टाकी आणि दोनशे फूट पाइप ठेवायला लागेल. ते मी पहिल्या आठवड्यात ठेवीन. येतो असं खोटं सांगणार नाही."

अनसाबाई सभेकडे वळल्या. "अकरा वरसांत हे एकानं बी सांगितलं न्हाई. जो आला तो धा मिंटात येतो म्हणायचा." त्यांनी हात वर केला. "माझं व्हय."

संपतने आबांकडे पाहिलं. आबांनी हात वर केला. संपतने केला. अध्यक्षांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं आणि त्यांचा आवाज इतका मोकळा झाला होता की मागच्या रांगेपर्यंत पोचला. कोळपे त्याच दिवशी कामावर रुजू झाले. अनिताताई त्यांच्याशी बोलू लागल्या, असं नंतर कळलं.

घरी जाताना साखरबाई एक शब्द बोलल्या नाहीत. आबांना वाटलं, गेली इज्जत. पण त्या रात्रीही आमटी दुसऱ्यांदा वाढली गेली. "सभेत बरं सावरून घेतलंत," साखरबाई म्हणाल्या. "चष्म्याचं निमित्त चांगलं काढलं." आबांनी शपथेवर सांगितलं की ते निमित्त नव्हतं. साखरबाईंनी समजुतीने मान हलवली.

दहाव्या दिवशी नव्या अधिकाऱ्याची पहिली नोटीस वडगाव रासाईला आली. आबांच्या नावावर. घरामागे विजेच्या तारेखाली कडब्याची गंज रचलेली आहे, ती दोन दिवसांत हलवावी, अन्यथा कारवाई होईल. खाली सुंदर अक्षरात सही.

गंज साखरबाईंनी स्वतः उभं राहून रचून घेतली होती. हलवायची म्हणजे आठशे पेंढ्या. त्यांनी नोटीस दोनदा वाचली.

"ह्योच का त्यो, ज्याला तुम्ही पयल्यांदा नको म्हणाला व्हता?"

"व्हय," आबा म्हणाले.

साखरबाईंनी पदर खोचला आणि पहिली पेंढी उचलली.

"तुम्हाला माणसाची पारख हाय," त्या म्हणाल्या.