टेंपोचे द्रव्य विद्येस लागले, त्याची हकीकत

श्री. जिचे कृपेने रोग्यास उतार पडतो, चाकरास पगार मिळतो आणि लिहिणाऱ्याची शाई सुकत नाही, त्या आदिमायेचे चरणी मस्तक ठेवून लिहिण्यात येते की, शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरी, ज्येष्ठ मासी एके राज्यी द्रव्याचा मोठा पेच पडला. तो कैसा पडला आणि कैसा सुटला, हे ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्य बेताचे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे न्हाणी आणि पलीकडे साखर कारखान्याची भिंत. थोरले धनी त्या कारखान्यात फिटर होते, ते छातीत कळ येऊन कैलासवासी जाहले, आणि वर्षाने त्यांच्या फंडाचे दोन लक्ष रुपये राज्यात दाखल जाहले. गादीवर मातोश्री तानूबाई. त्यांचे चिरंजीव हणमंतराव, वय तीस, पराक्रम दुसऱ्याचा टेंपो हाकणे. त्यांचे कुटुंब सारिकाबाई, बारावी पास, पदरी दोन वर्षांची कन्या.

रक्कम येताच हणमंतरावांनी मातोश्रींपुढे मसलत मांडली की, "आई, मालकाच्या गाडीवर किती दिवस घासायचं? एवढे पैसे आधी भरले की आपला स्वतःचा टेंपो दारात उभा राहतो. हप्ते मी फेडतो." मातोश्रींस मसलत रुचली, आणि मग गाडीचा रंगही ठरला, निळा. इतक्यात चुलीपाशी भाकरी थापीत असलेल्या सारिकाबाई बोलत्या जाहल्या की, "मला शिकायचंय." दरबार चकित जाहला. "काय शिकायचंय?" ऐसे विचारिता त्या म्हणाल्या, "डाक्टरच्या हाताखाली काम करायचं. जिल्ह्याला कॉलेज आहे. ब्लडप्रेशर बघायचं, इंजेक्शन द्यायचं, मलमपट्टी करायची, पेशंटचे कागद सांभाळायचे. दोन वर्षांची पदविका आहे. फी आणि जाणंयेणं धरून पावणेदोन लाख." तव्यावरील भाकरी करपली, ती कोणी उतरविली नाही. मग मातोश्री बोलल्या की, "टेंपो नाही चालला तर विकता येतो. तुझी विद्या नाही चालली तर ती कोण विकत घेणार?" हणमंतरावांस वेगळेच लागले. ते म्हणाले, "म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तुझा." त्यावर सारिकाबाई म्हणाल्या, "तसं नाही हो. मामंजींच्या छातीत कळ आली तेव्हा घरात मी एकटी होते. पाणी द्यावं का नको, निजवावं का बसवावं, एवढंसुद्धा मला कळलं नाही. मी नुसती हाका मारत बसले." मातोश्री उठून पडवीत गेल्या आणि नात जवळ घेऊन बसल्या. बऱ्याच वेळाने आत ऐकू जाईल ऐसे म्हणाल्या, "उद्या बघून येऊ. बघायला पैसे पडत नाहीत."

दुसरे दिवशी एस.टी.ने सासूसुनेची स्वारी जिल्ह्यास गेली. कॉलेजाची इमारत थोर, दारास काच, आत गारवा. संचालकांनी बहुत आदर केला, चहा दिला, रंगीत पत्रके दिली आणि बोलिले की, "आमच्याकडे शंभर टक्के नोकरी. सुरुवातच पंचवीस हजारांनी. परदेशातही मागणी आहे." मातोश्री परदेशाच्या वाटेस गेल्या नाहीत. त्यांनी विचारले, "गेल्या साली किती पोरी पास झाल्या?" संचालक म्हणाले, "चाळीस." मातोश्री म्हणाल्या, "त्यातल्या एकीशी गाठ घालून द्या." तेव्हा संचालकांनी घंटी दाबून पुन्हा चहा मागविला. तोही पिऊन जाहला, परंतु मुलगी कोणी आली नाही. बाहेर येता फाटकावरील शिपायास दया आली आणि त्याने हळूच सांगितले की, शिकलगारांची रेश्माबी इथेच शिकून चौकातल्या दवाखान्यात लागली आहे, तिला विचारा.

रेश्माबी जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर डबा उघडून बसली होती. पंचवीस हजारांचे नाव काढताच तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "मला पहिले सहा महिने आठ मिळाले, आणि आता तीन वर्षांनी तेरा. सकाळपासून उभी असते, संध्याकाळी बसते. उलट्या, रक्त, सगळं आवरायचं. नातेवाईक डाक्टरला काही बोलत नाहीत, शिव्या आम्हाला." मातोश्रींनी सुनेकडे पाहिले, ते लढाई जिंकल्यासारखे पाहिले, आणि विचारले, "मग करतेस कशाला, पोरी?" रेश्माबीने भाजीला पोळी लावता लावता सांगितले की, "मावशी, मी घरातून निघते तेव्हा कुठं चाललीस म्हणून कोणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं." मग सारिकाबाईंकडे वळून म्हणाली, "यायचंच असेल तर त्या काचेच्या दारात नको जाऊस. सरकारी दवाखान्याला लागून शाळा आहे, तिथं हेच निम्म्या पैशात शिकवतात. जागा थोड्या आहेत. आजच फॉर्म भर."

सारिकाबाई त्या सरकारी शाळेत जाऊन आल्या, तोवर मातोश्री बाहेर बाकावर बसल्या. परतीचे एस.टी.त मातोश्री खिडकीशी बसल्या आणि निम्मी वाट बाहेर पाहात राहिल्या. मग एकाएकी म्हणाल्या, "मी सतराव्या वर्षी या घरात आले. अजून दळण घेऊन निघाले तरी शेजारीण विचारते, कुठं निघालात." त्यांनीच पुढे विचारले, "फॉर्म भरलास ना?" "भरला, आत्या." त्या मुलखी सासूस आत्या म्हणतात. "मग झालं," ऐसा हुकूम जाहला आणि मातोश्रींस झोप लागली.

हणमंतराव कोपले. आपले राज्यात आपला टेंपो बुडाला, हे दुःख पुरुषास मोठे, आणि ते खोटे होते ऐसेही कोणी म्हणू नये. पत्नीशी बोलणे बंद केले आणि सर्व व्यवहार कन्येमार्फत चालविला. "आईला विचार, टॉवेल कुठाय." कन्येस बोलणे नीटसे येत नव्हते, म्हणोन ती टॉवेलाचे ठायी चमचा आणीत असे. सारिकाबाई पहाटे उठून स्वयंपाक करीत आणि एस.टी.ने शाळेस जात, परतून रोगांची नावे पाठ करीत. कन्या मातोश्रींपाशी राहू लागली. एके वादळात पडवीचे पत्रे उडाले, ते फीतून वाचलेल्या द्रव्यातून बसविले, आणि मग टेंपोची उरली आशाही पत्र्यांस खिळली गेली.

पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली, त्याच सकाळी एस.टी. बंद पडली. सारिकाबाई थांब्यावर उभ्या राहून रडू आवरीत होत्या, तो हणमंतराव मालकाचा टेंपो घेऊन पुढे आले. मागे बाजारचा कांदा भरलेला. दार उघडून म्हणाले, "बस." वर्षात पत्नीस बोललेला हा पहिला शब्द. वाटेत रेल्वेचे फाटक लागले आणि गाडी थांबली. "आज कशाची परीक्षा?" ऐसे त्यांनी समोर पाहात विचारिले. "ब्लडप्रेशर मोजायची." मग बराच वेळ मालगाडी जात राहिली, आणि हणमंतरावांनी बाही वर करून हात पुढे केला. सारिकाबाईंनी शाळेचे यंत्र पिशवीतून काढिले, पट्टा बांधला, फुगा दाबला, कान देऊन ऐकिले, पुन्हा एकदा मोजिले. "जास्त आहे हो." "रागानं असेल." "मग सोडा की राग." "सोडला," हणमंतराव म्हणाले, "फाटक उघडलं." सारिकाबाई कांद्याच्या वासासकट परीक्षेस बसल्या आणि पास जाहल्या. कांदा बाजारी उशिरा पोचला म्हणोन मालकाने हणमंतरावांची एका दिवसाची मजुरी कापली. त्यांनी हे घरी सांगितले नाही, मालकानेच सांगितले.

पुढे शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी सारिकाबाईंस पदविका मिळाली, आणि तालुक्याचे गावी एका डाक्टरांपाशी नऊ हजारांवर चाकरी लागली. पहिला पगार मातोश्रींचे हाती ठेविला. मातोश्रींनी मोजला आणि विचारले, "बाकीचे?" "एवढेच आहेत, आत्या." "कमी आहेत. डाक्टरला सांग." "असं नाही सांगता येत." "मग मी येते."

सोमवारी मातोश्री ठेवणीतले लुगडे नेसून दवाखान्यावर चालून गेल्या आणि रोग्यांच्या रांगेत बसल्या. पाळी आली तेव्हा डाक्टर म्हणाले, "या आजी, काय होतंय?" मातोश्री म्हणाल्या, "मला काही होत नाही. सुनेचा पगार कमी होतोय." सारिकाबाई बाजूस इंजेक्शनांचा ट्रे धरून उभ्या होत्या. धरणी दुभंगेल तर बरे, ऐसे त्यांस वाटले, परंतु फरशी पक्की होती. डाक्टर म्हणाले, "नवीन मुलींना एवढाच देतो. दिवाळीनंतर बघू." "बघू नका. सांगा." डाक्टरांनी सारिकाबाईंकडे पाहिले. त्यांनी मान खाली घालावी, ती घातली नाही. "एक हजार वाढवू," डाक्टर म्हणाले. मातोश्री उठल्या, आणि दारात थांबून म्हणाल्या, "तपासायचे पैसे द्यायचे का?" "नको, आजी." "बरं."

एकूण बेरीज ऐसी. राज्याचे लाखभर रुपये गेले आणि महिना दहा हजार येऊ लागले. भाडे, चपला आणि चहापाणी वजा जाता मुद्दल फिटावयास अद्याप अवकाश आहे. हणमंतराव अजून दुसऱ्याचीच गाडी हाकतात आणि मीठ बेताने खातात. यंदा सारिकाबाईंनी जेवताना गोष्ट काढिली की, याचेही पुढे तीन वर्षांची मोठी पदवी आहे. हणमंतरावांचा घास हातात राहिला. मातोश्रींनी ताटात आमटी वाढून घेतली आणि विचारिले, "किती लागतात?" येणेप्रमाणे वर्तमान.