न बिघडलेल्या संगणकाबाबतचा ठराव

बिघडलेली वस्तू कुणीही बदलतं. त्याला शिक्षण लागत नाही. उत्तम चालणारी वस्तू बदलावी की नाही, हे ठरवायला मात्र उच्चशिक्षित माणसं लागतात, आणि तीही किमान सात. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावाला हे भाग्य लाभलेलं आहे. तिथं रस्त्यात सहज हाक मारली तरी दोन सिस्टीम आर्किटेक्ट वळून बघतात.

राजाराम काकांना याची कल्पना नव्हती. काका भंडारा जिल्ह्यातल्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि मुलाकडे अमेरिकेत आले. आल्यापासून नऊ वर्षं ते दर रविवारी वंदना झाली की कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत सोळा मुलांना मराठी शिकवत होते. मुलांचे आईबाप त्यांना काका म्हणत, म्हणून मुलंही काकाच म्हणत. खोलीत एक फळा, एक प्रिंटर आणि एक काळा संगणक होता. संगणकाच्या कीबोर्डवर काकांनी स्वतःच्या हातानं अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. (‘ळ’ दोनदा पडला. तिसऱ्यांदा खिळा मारावा, अशी एका मुलाची सूचना होती. ती फेटाळण्यात आली.)

या संगणकावर मुलं दर वर्षी एक अंक काढत. अंक निघायचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात, म्हणजे चौदा ऑक्टोबरनंतरच्या रविवारी.

ऑगस्टमध्ये संगणकाच्या पडद्यावर एक निळी चौकट उगवली. कंपनीनं नम्रपणे कळवलं होतं, की चौदा ऑक्टोबरपासून या संगणकाला आधार मिळणार नाही, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद होतील. काकांनी चौकट दोनदा वाचली. स्वतः काका बहात्तर वर्षांचे होते आणि त्यांना कुणी असं तारीख देऊन कळवलेलं नव्हतं. त्यांनी गावातल्या आंबेडकरी मंडळाच्या सचिव प्रणिता यांना फोन केला आणि इथंच त्यांची चूक झाली. कारण प्रणितानं समिती नेमली.

मंडळ संविधान मानणाऱ्या माणसांचं आहे. तिथं सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय खुर्चीसुद्धा जागची हलत नाही, आणि हे योग्यच आहे. समितीत सात जण घेतले गेले. सातांचा संगणक क्षेत्रातला एकूण अनुभव एकशे अकरा वर्षं. यांपैकी पाच जण दिवसभर मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांचं रक्षण करत. स्वतःच्या घरचा प्रिंटर चालू असलेले सदस्य : शून्य. निमंत्रक म्हणून संजय याची निवड झाली, कारण पहिल्या बैठकीला तो पाच मिनिटं उशिरा आला.

समितीनं प्रथम माहिती गोळा केली. तीत असं आढळलं, की संगणक सुरू व्हायला फार वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात काका मुलांकडून पाढे म्हणवून घेतात. पहिल्या वर्षी संगणक दोन मिनिटांत सुरू होई. मुलांना दोनाचा पाढा येई. नवव्या वर्षी तेरा मिनिटं लागत. मुलं सतराच्या पाढ्यापर्यंत आली होती. नवा संगणक घेतल्यास मुलांचं गणित कच्चं राहील, असा निष्कर्ष परीक्षित नावाच्या सदस्यानं आलेख काढून मांडला. त्यावर टाळ्या झाल्या आणि आलेखाच्या रंगांवर चाळीस मिनिटं चर्चा झाली.

दुसऱ्या बैठकीत समितीनं सभासदांना आवाहन केलं : कुणाकडे वापरात नसलेला संगणक असल्यास द्यावा. आपल्या घरात कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा अशाच संगणकांसाठी राखलेला असतो. ते चालत नाहीत, पण टाकवत नाहीत. आठवड्याभरात एकोणीस लॅपटॉप जमा झाले. चार्जर नसलेले अकरा. पासवर्ड कुणालाच आठवत नसलेले पाच. एक ‘मे महिन्यापर्यंत चालत होता’, कुठल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत ते दात्याला आठवलं नाही. उरलेले दोन उत्तम चालत होते. त्यांचा आधार याच चौदा ऑक्टोबरला संपत होता. समितीनं एकोणीस आभारपत्रं पाठवली आणि लॅपटॉप काकांच्या खोलीत ठेवले. आता सोळा मुलांना बसायला जागा थोडी कमी पडू लागली.

काकांची अडचण वेगळीच होती. ती त्यांनी तिसऱ्या बैठकीत हात वर करून सांगितली.

“माझा फाँट जुना आहे. दुसऱ्या संगणकावर मुलांचं लिखाण उघडलं की ‘आई’च्या जागी एक डॉलर आणि दोन टिंबं दिसतात. नऊ अंक आहेत आत. यंदाचा दहावा, तो अजून छापायचाय.”

“काका, कन्व्हर्ट होतं ते,” परीक्षित म्हणाला. “मी लिंक पाठवतो.”

लिंक आली. ती वेबसाइट सहा वर्षांपूर्वी बंद पडली होती. परीक्षितनं दुःख व्यक्त केलं आणि मुद्दा इतिवृत्तात नोंदवला गेला.

अखेर सव्वीस पानी ठराव तयार झाला. त्याच्या कलम नऊमध्ये असं म्हटलं होतं : समितीनं चौदा ऑक्टोबरपर्यंत अन्य निर्णय न घेतल्यास, आधार नसलेला व नेटवर्कला जोडलेला संगणक शनिवारी भंगार-संकलन केंद्रावर आपोआप जमा होईल. सगळ्यांना हे कलम आवडलं. आपोआप होणाऱ्या गोष्टीसाठी कुणाला काही करावं लागत नाही.

निर्णयाची बैठक चौदा तारखेलाच ठेवली होती. प्रणितानं मंडळाच्या सामायिक कॅलेंडरमध्ये त्या तारखेला नोंद केली. त्या तारखेला तिथं धम्मचक्र प्रवर्तन दिन आधीपासून होताच. त्याच्याखाली संगणक बसला. मंगळवारी सकाळी आठ वाजता चौसष्ट फोन एकदम वाजले : ‘आज आपल्या संगणकाचा आधार संपत आहे. संध्याकाळी बैठक.’ चौसष्ट जणांनी तारीख पाहिली. नऊ वाजेपर्यंत त्या सूचनेखाली एकोणसाठ ‘जय भीम’, चाळीस निळी हृदयं आणि एक ‘सर्वांना मंगल कामना’ जमा झालं. बैठकीला कुणीही आलं नाही. अन्य निर्णय झाला नाही. कलम नऊ आपोआप लागू झालं.

शनिवारी सकाळी संजय गाडी घेऊन हॉलवर आला. खोलीत काका होते आणि नऊ वर्षांची अनिका होती. अंकातली सगळी पानं तयार होती, एक सोडून. अनिकाच्या मांजराच्या गोष्टीला शेवट नव्हता. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दहाला होता. अनिका एका बोटानं टाइप करत होती. ते बोट ‘ळ’वर येऊन थांबलं होतं.

“काका, प्लीज वाईट वाटून घेऊ नका,” संजय दारातूनच म्हणाला. “पर्सनली मला काही प्रॉब्लेम नाहीये. ऑटोमॅटिक क्लॉज आहे यार... सॉरी, काका.”

“दहा ओळी राहिल्यात तिच्या.”

“केंद्र बाराला बंद होतं. आणि उद्या कुणी विचारलं, की ठराव असताना संगणक इथं कसा, तर मी काय सांगू?”

काकांनी आयुष्यात रागावलेल्या आणि घाबरलेल्या मुलांना एकाच उपायानं शांत केलं होतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. “बस. ठराव आहे ना जवळ? वाच बघू कलम नऊ. मोठ्यानं, आणि स्वल्पविराम आला की थांबायचं.”

संजय बसला. वय बेचाळीस, हाताखाली तीस माणसं. पण स्टूल लहान मुलांचं होतं, त्यामुळे गुडघे छातीशी आले. त्यानं फोनमधून वाचायला सुरुवात केली. “समितीनं चौदा ऑक्टोबरपर्यंत अन्य निर्णय न घेतल्यास, आधार नसलेला व नेटवर्कला जोडलेला संगणक...”

“देन जस्ट अनप्लग इट,” पडद्यावरची नजर न काढता अनिका म्हणाली.

“मराठीत, बाळ.”

“तार काढा, काका.”

 मग काका सावकाश खाली वाकले आणि त्यांनी संगणकामागची नेटची तार काढली. पडद्यावरची निळी चौकट आधी चाचपडली, मग गेली. संजयनं कलम पुन्हा एकदा मनात वाचलं. स्वल्पविरामाला थांबला. संगणक नेटवर्कला जोडलेला नव्हता. कलम लागू होत नव्हतं.

“हे सव्वीस पानांत कुठंच नाहीये,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, पण सुटकाही होती.

ते खरंच नव्हतं. सात तज्ज्ञांनी आवृत्ती असलेल्या प्रत्येक गोष्टीचा विचार केला होता, आणि तारेला आवृत्ती नसते. पुढं समितीनं या उपायाला ‘संपूर्ण विलगीकरण धोरण’ असं नाव देऊन स्वतःचं अभिनंदन केलं. मूळ सूचक म्हणून परीक्षितचं नाव लागलं. अनिकाचं वय मतदानाला अपुरं होतं.

दुपारी एकपर्यंत दहा ओळी झाल्या. संजयनं कागद भरले, प्रिंटरला दोन थपडा दिल्या आणि चोवीस पानांचा अंक निघाला. रविवारी कार्यक्रमात त्याचं प्रकाशन झालं. मग प्रणितानं सगळ्या पानांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले. पहिल्या चार मिनिटांत एकसष्ट जणांनी लिहिलं, ‘खूप छान’. चोवीस पानं चार मिनिटांत, म्हणजे दहा सेकंदांना एक पान. मराठी वाचनसंस्कृतीची काळजी करणाऱ्यांनी हा आकडा जपून ठेवावा.

अनिकाच्या गोष्टीचा शेवट नवव्या पानावर होता. तो असा : ‘मांजर आता आमच्याच घरी राहते. तिला अजून नाव नाही. तुम्ही हे वाचलं असेल तर मला एक नाव सांगा.’

पुढच्या रविवारी अनिकानं विचारलं, “काका, एनीबडी?”

“लोक वाचतायत,” काका म्हणाले. मुलांशी ते सहसा खोटं बोलत नसत.

तिसऱ्या रविवारी एक उत्तर आलं. ते नागपूरहून होतं. अनिकाच्या शोभना आजीनं फोनवर आलेला अंक शेजाऱ्याकडून कागदावर छापून आणवला होता, चष्म्याचा नंबर वाढलेला असल्यामुळे दोन दिवस घेऊन वाचला होता आणि तीन नावं सुचवली होती, कारणांसहित. मांजराचं नाव आता बुंदी आहे.

पिस्कॅटवेच्या त्या एकसष्ट जणांना कुणी दोष देऊ नये. ती आपल्यासारखीच कामाची माणसं आहेत. आपल्याही फोनमध्ये कुणा लहानग्यानं पाठवलेलं असं एखादं पान असेल. त्याच्याखाली आपलं ‘खूप छान’ वेळेवर पोचलेलं आहे. त्यानं काय विचारलं होतं, एवढंच बघायचं राहिलंय.