कोणीही न वाचलेली दोनशे बारा पुस्तकं

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरका. गोष्ट पुस्तकांची असली तरी अब्रूदार माणसांची आहे, तेव्हा हळू आवाजातच सांगावी लागेल.

जे पुस्तक गावात कोणीच वाचत नाही ते सर्वांत आधी फाटतं, हा ग्रंथालयशास्त्राचा पायाभूत सिद्धांत होय. नेब्रास्कातल्या एल्म फोर्क गावाने तो १९८६ साली सप्रमाण सिद्ध केला.

तिथलं वाचनालय आर्डिसबाई थोलेन एकोणीस वर्षं सांभाळत होत्या. खिडकीखालच्या फळीवर जुन्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या होत्या, मोजून दोनशे बारा. उमराव, समुद्रावरचे चाचे, हिरावलेली जहागीर, आणि पहिल्या प्रकरणात ज्याचं तोंड पाहायचं नाही त्याच्याशीच शेवटच्या प्रकरणात लग्न करणारी मुलगी. या फळीची नोंदवही नव्हती. एक आणून ठेवावं, एक घेऊन जावं, असा रिवाज.

अडचण मुखपृष्ठांची होती. वाचनालय समितीचे अध्यक्ष ऑर्व्हिल श्ट्रो (धान्यकोठाराचे निवृत्त व्यवस्थापक, चर्चच्या गायनवृंदात सर्वांत खालचा आवाज) यांच्या मते ती चित्रं गावाच्या संस्कृतीला शोभणारी नव्हती. पण अभ्यासाशिवाय मत देणं त्यांच्या स्वभावात नाही. म्हणून त्यांनी तीन ज्येष्ठ गृहस्थांची मुखपृष्ठ तपासणी उपसमिती नेमली आणि तिचं अध्यक्षपदही कर्तव्य म्हणून स्वतःकडे घेतलं. उपसमितीने चार दुपारी, दार लावून, पुढील निष्कर्ष काढले :

एकूण पुरुष दोनशे बारा. पैकी सदरा असलेले एकशे एकतीस. सदऱ्याच्या गुंड्या लावलेले चार (एका गुंडीबद्दल मतभेद झाल्याने ते पुस्तक फेरतपासणीसाठी अध्यक्षांनी घरी नेले). वारा सर्व मुखपृष्ठांवर, डावीकडून. त्याने सदरा उडतो, केसांचा भांग मोडत नाही. नायिका मूर्च्छित, एकशे अठ्ठ्याण्णव. घोडे सहासष्ट, सगळे शुद्धीवर.

त्यानंतर घरोघरी प्रश्नावली गेली : ‘आपल्या घरात ही पुस्तकं कोणी वाचतं का?’ एकशे त्रेचाळीस घरांतून एकशे त्रेचाळीस ‘नाही’ आले. (अकरा जणांनी ‘नाही’च्या खाली, चाच्याच्या कथेचा दुसरा भाग कधी येणार, अशी चौकशी केली होती. ती विषयाबाहेरची म्हणून धरली नाही.) मग या पुस्तकांचे कणे मोडले कशाने? अहवाल म्हणतो, उन्हाने. खिडकी उत्तरेकडे आहे, पण अहवाल एकमताचा होता.

ठरलं. शनिवारी ट्रक येणार, पुस्तकं गावाबाहेरच्या खड्ड्यात जाणार, आणि फळीवर जिल्ह्याच्या माती तपासणीचे अहवाल लागणार.

गुरुवारी व्हेल्डा हान्के आल्या. वय एक्याऐंशी. निम्म्या गावाला चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबलातल्या गोष्टी त्यांनीच शिकवलेल्या.

“आर्डिस, खरंच फेकणार ग?”

“समितीचा निर्णय आहे, मिसेस हान्के.”

“मग आमच्या एमिलला काय वाचून दाखवू? मातीचे अहवाल?”

त्यांचे यजमान एमिल दोन वर्षं अंथरुणावर होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडून शब्द नाही. पण व्हेल्डाबाई रोज एक प्रकरण मोठ्याने वाचत, आणि तलवारबाजी आली की एमिलची बोटं गोधडीवर हलत. गोळ्यांनी ती कधी हलली नव्हती.

“पण तुम्हीच तर कागदावर ‘नाही’ लिहिलंत,” आर्डिसबाई म्हणाल्या.

“लिहिलं खरं. सगळ्या शेजारणींनी मान खाली घालून तेच लिहिलेलं. म्हटलं, आपणच कशाला वेगळं लिहा.” म्हातारीने डोळे टिपले. “पंधरा दिवस झोप नाही मला त्या एका शब्दाने.”

आता आर्डिसबाईंना एक गोष्ट ठाऊक होती. या पुस्तकांची नावं इतकी सारखी, मुखपृष्ठं इतकी भाऊ-भाऊ, की चाळीस पानं झाल्यावर कळावं, हे तर मागच्या हिवाळ्यातच वाचलं. म्हणून वाचणारा प्रत्येक जण सत्तावन्नाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपली बारीक खूण करून ठेवी. फूल, नांगर, कणीस, चहाची किटली. एकूण एकतीस हातांच्या खुणा, आणि कुठली कोणाची हे आर्डिसबाईंना पाठ. पण कोण काय वाचतं हे बोलून दाखवणं म्हणजे वैद्याने रोग्याचं दुखणं चव्हाट्यावर मांडणं. जीव गेला तरी त्या नाव घेणार नव्हत्या.

त्यांनी नाव घेतलं नाही. शुक्रवारी चर्चच्या तळघरात पॅनकेकची पंगत असते. त्याआधी त्यांनी तिथल्या लांब टेबलांवर दोनशे बारा पुस्तकं मांडली, सगळी सत्तावन्नाव्या पानावर उघडी.

गाव आलं, टेबलांभोवती एक फेरी झाली. अंत्यविधीच्या जेवणालाही त्या तळघरात एवढी शांतता नसते. आपापली खूण दिसली की माणूस छताकडे पाहू लागे.

“ही खाडाखोड कोणाची?” ऑर्व्हिल गरजले. “सार्वजनिक मालमत्ता आहे ही!”

“ट्रॅक्टर मात्र सुरेख काढलाय,” व्हेल्डाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “दोनशे नऊ पुस्तकांत आहे, मी मोजला. मागची चाकं मोठी, पुढची लहान. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो नोहाच्या गोष्टीतही असाच ट्रॅक्टर काढायचा. म्हणे, प्रलयानंतर नांगरायला लागेल.”

ऑर्व्हिलचे कान लाल झाले. “मिसेस हान्के, मी...”

“तू गप्प राहा, बाळा. मी नाव घेतलं का कोणाचं?” मग त्यांनी एकदा सगळ्या खालमुंड्या जमावाकडे पाहिलं. “इतिवृत्तात लिहा. पुस्तकं मी वाचते. खुणा माझ्या आहेत.”

“सगळ्या?” समितीच्या चिटणिसांनी विचारलं. “एकतीस तऱ्हेच्या?”

“म्हातारा हात आहे. रोज वेगळा चालतो.”

ठराव एकमताने झाला : सदर पुस्तकांना एकच वाचक आहे, तिने काही पुस्तकं एकतीस-एकतीस वेळा वाचली आहेत, सबब जिल्ह्यात एवढी वापरातली फळी दुसरी नाही, ती आहे तिथेच राहावी. सूचक, ऑर्व्हिल श्ट्रो. पुष्कळांचे डोळे भरून आले. (पॅनकेकचा धूर. अजून तवा तापवला नव्हता, पण अहवाल एकमताचा आहे.)

एमिल आणखी दोन हिवाळे तलवारी ऐकत राहिले. व्हेल्डाबाई १९९१ साली गेल्या. खुणा मात्र थांबल्या नाहीत, आणि ठराव कोणी रद्द केलेला नसल्याने वार्षिक अहवालात त्या सगळ्या व्हेल्डाबाईंच्याच खाती पडतात. १९९४ साली त्यांनी तीनशे चाळीस वाचनं केली. हयातीत त्यांना एवढं कधी जमलं नव्हतं. मृत्यूनंतरच्या जीवनावर पाद्रीबाबांची श्रद्धा मुळातच असल्याने त्यांनी हरकत घेतलेली नाही.

तुम्ही असली पुस्तकं वाचत नाही, हे सांगायला नकोच. पुस्तकाला वर्तमानपत्राचं वेष्टण घालता ते कोपरे जपायला. कोणी आलं की ते पालथं ठेवता ते पान हरवू नये म्हणून. आमचा पूर्ण विश्वास आहे. तरीही कधी दार वाजलं, आणि हातातलं पुस्तक उशीखाली सरकवायची वेळ आली, तर तेवढ्यात मनातल्या मनात व्हेल्डा हान्केंची आठवण काढा. एकतीस जणांची लाज पदरात घेतलेल्या माउलीला बत्तिसावी जड नाही.