बाईंनी सिनेमा पूर्ण पाहिला

आमच्या जपान अभ्यास मंडळात नुकताच जो प्रकार घडला, त्याची हकीकत चिटणीस या नात्याने मांडणे माझे अप्रिय कर्तव्य आहे. मंडळाच्या एक सभासद, निवृत्त शिक्षिका, यांनी एक जपानी सिनेमा पाहिला. पूर्ण पाहिला.

मंडळाचे काम अत्यंत शिस्तीत चालते. जपानी कविता, चित्रे, सिनेमे, भाषेचे धडे यांच्या लिंका इंटरनेटवरून शोधायच्या आणि ग्रुपवर टाकायच्या. खाली बाकीच्यांनी जोडलेले हात टाकायचे. अध्यक्षांचा तर एक फोन या भाराने कायमचा बंद पडला. संस्कृतीसाठी एवढी झळ कोण सोसतो हो? आता लिंक उघडायला कुणाला वेळ नाही हे खरे, पण उघडत बसलो तर पाठवणार कधी?

आणि बाईंनी ग्रुपवर लिहिले, "तो म्हाताऱ्या न्हाव्याचा सिनेमा पाहिला. फार रडले. कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय."

झाले! ती लिंक टाकली कुणी, तेच कुणाला आठवेना. तातडीने सभा बोलवावी लागली.

"बाई, चुकून बोट लागलं असेल ना?" अध्यक्षांनी सुटकेची वाट ठेवली.

"नाही हो, मुद्दाम लावला."

"पण थोडासाच ना?"

"शेवटची नावं संपेपर्यंत."

खजिनदारांनी कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्हीच पाठवलात म्हणून पाहिला," बाई म्हणाल्या. "हे गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. वाटलं, इथे सगळे जपानवेडे, दोन शब्द बोलतील. बायको गेल्यावरही तो न्हावी रोज तिची खुर्ची पुसतो, ते बघून काय वाटलं तुम्हाला?"

सगळे छताकडे बघू लागले. शेवटी उपाध्यक्षांनी मंडळाची लाज राखली. "छान वाटलं. जपानी माणूस मुळातच स्वच्छताप्रिय."



बाईंना मंडळातून एकमताने काढण्यात आले. आज सिनेमा पाहिला, उद्या कविता वाचतील, परवा आम्हाला अर्थ विचारतील. ही कीड वेळीच ठेचलेली बरी. शिवाय पुन्हा असा अनर्थ नको म्हणून यापुढे प्रत्येक लिंकमधले एक अक्षर गाळूनच ती टाकायची, असा ठराव झाला. ग्रुपवर जोडलेल्या हातांचा नुसता पाऊस पडला.

बाई दारात थांबल्या. "शेवटी तो दुकान बंद करतो का, एवढं तरी सांगू?"

"नको, नको! उगाच तुम्हाला त्रास," अध्यक्ष म्हणाले आणि दार लावून घेतले. बाई आपल्या रिकाम्या घरी गेल्या.

तुम्हालाही वाटतेय ना, सिनेमा कोण बघत बसणार, त्या न्हाव्याचे शेवटी काय झाले ते दोन ओळींत सांगून टाका? बाईंचे काय झाले ते मात्र तुम्ही विचारले नाहीत. शाबास! या, मंडळात एक जागा रिकामी आहे.